मुलीला मक्याची ॲलर्जी, पण लेबलवर मका लिहिलेलाच नसतो. कायदा नेमका काय म्हणतो?

मक्याचं_कोडं

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहायला पहिल्यांदाच बसलेय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमच्या लेकीला मक्याची ॲलर्जी निघालीये. पोट बिघडणं वगैरे नाही, खरीखुरी ॲलर्जी, अंगावर गांधी, ओठ सुजणं, आणि एकदा श्वास लागला तेव्हा मग सगळी धावपळ, स्किन टेस्ट, रक्ताची टेस्ट, आणि आता तातडीच्या वेळी टोचायचं एपिनेफ्रिनचं इंजेक्टर कायम बॅगेत. कणीस, पॉपकॉर्न, कॉर्नफ्लेक्स टाळणं काही अवघड नाही हो, तिचं तिलाही कळतं आता. अडतं ते पाकिटापाशी. घटकांमध्ये नुसतं 'स्टार्च' लिहिलेलं असतं, कशाचा ते नाही. मग माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, मॉडिफाइड स्टार्च, नॅचरल फ्लेवर, यातलं काय मक्याचं आणि काय नाही हे कळायला काही मार्गच नाही. खाली 'कंटेन्स'ची ठळक ओळ असते तिथे दूध, सोया, गहू सगळं शिस्तीत छापलेलं, मका कधीच नाही. एका पाकिटावर तर पुढे मोठ्या अक्षरात 'ॲलर्जन फ्री' आणि मागे दुसराच घटक कॉर्न सिरप!!

एका कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की आमच्या उत्पादनात कायद्याने ठरवलेलं कुठलंही ॲलर्जन नाही. अहो पण मी ते विचारलंच नव्हतं.

तर माझे प्रश्न असे की मका जाहीर करायची सक्ती कुठल्याच देशात नाहीये का, आणि ज्यांची ॲलर्जी अशी यादीबाहेरची असते ते लोक रोज नक्की करतात काय?

---

छोटा_टाइप

ताई, मी लेबलं तपासायचंच काम करते त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, दुसऱ्याचं देणारे इथे माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत.

थोडक्यात उत्तर, नाही. आता सविस्तर. जगभर हा कायदा याद्यांवर चालतो. अन्नाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरवणारी कोडेक्स नावाची संस्था आहे, तिने १९९९ मध्ये आठ मुख्य गटांची यादी मान्य केली आणि बहुतेक देशांनी तिथूनच उचलून आपापली यादी केली. अमेरिकेत २००४ चा कायदा, त्यात दूध, अंडं, मासे, कवचाचे जलचर (म्हणजे कोळंबी-खेकडा), झाडावरचे नट्स, शेंगदाणा, गहू, सोया. नंतर २०२१ मध्ये तिळाची भर पडली आणि १ जानेवारी २०२३ पासून ते लागू झालं. युरोपियन युनियनची यादी १४ ची, २०११ चा नियम, डिसेंबर २०१४ पासून लागू, तिच्यात सेलरी, मोहरी, ल्युपिन (एक कडधान्य), शिंपल्यासारखे मृदुकाय प्राणी असं जास्तीचं आहे. कॅनडाने २०१२ पासून मोहरी घेतली. जपानमध्ये बकव्हीट (कुट्टू) सक्तीच्या यादीत आहे, शिवाय 'शक्यतो लिहा' अशी एक वेगळी मोठी यादी आहे ज्यात पीच, किवी, केळं, सफरचंद, जिलेटिनसुद्धा येतं. कोरियात पीच आणि टोमॅटो सक्तीचे. भारतात एफएसएसएआयचे (आपल्या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) २०२० चे लेबलिंगचे नियम आहेत, ग्लुटेनची (गव्हासारखी) धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि नट्स, सोया, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते). तीळ आणि मोहरी त्यात नाहीत.

मका यातल्या एकाही यादीत नाही. म्हणून तुम्हाला आलेलं उत्तर कायद्याने बरोबर आहे आणि तुमच्या काही उपयोगाचं नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. 'मे कंटेन', 'याच मशीनवर अमुक बनतं' ह्या ज्या इशाऱ्याच्या ओळी असतात त्या बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहेत आणि लिहिल्या तरी यादीतल्याच पदार्थांबद्दल लिहितात. त्यामुळे यादीबाहेरच्या माणसाने त्या ओळीवरून काहीही निष्कर्ष काढायचा नाही. ओळ आहे म्हणून नाही, ओळ नाही म्हणून तर मुळीच नाही. 'ॲलर्जन फ्री'चं पण तेच, बनवणाऱ्याच्या डोक्यात ती आठ-नऊ नावं असतात.

---

गोचीडग्रस्त

क्लबात स्वागत आहे ताई 🙏

मला अल्फा-गॅल. गोचीड चावल्यावर होते ही ॲलर्जी, सस्तन प्राण्यांच्या मांसात एक साखर असते तिच्याविरुद्ध शरीर उभं राहतं. गंमत म्हणजे (गंमत कसली) रिॲक्शन खाल्ल्यावर लगेच येत नाही, दोन ते सहा तासांनी येते, म्हणजे जेवण संध्याकाळी आणि धिंगाणा मध्यरात्री. त्यामुळे कशाने झालं हे शोधायलाच लोकांचा जन्म जातो. अमेरिकेच्या सीडीसीने (रोग नियंत्रणाची सरकारी संस्था) २०२३ मध्ये अंदाज दिला होता की तिथे साडेचार लाखांपर्यंत लोकांना हे असू शकतं. साडेचार लाख! आणि तरी यादीत नाही.

मांस दिसतं हो, जिलेटिनही नावानिशी लिहितात. पण नॅचरल फ्लेवर मांसापासून काढलेला असू शकतो, ग्लिसरीन प्राण्याच्या चरबीचं की वनस्पती तेलाचं हे लिहायची गरज नाही, मॅग्नेशियम स्टिअरेटचंही तसंच. तुमचा स्टार्च तसा माझा ग्लिसरीन.

---

मक्याचं_कोडं

@छोटा_टाइप इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पण एक कळलं नाही, यादीत नसला तरी मका हा एक घटक तर आहे ना? घटकांची पूर्ण यादी द्यायची सक्ती तर सगळीकडे आहे, मग त्यात तरी 'मक्याचा स्टार्च' असं यायला नको का? नुसतं 'स्टार्च' लिहून कसं चालतं?

---

छोटा_टाइप

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. यादी लांब की आखूड यावर सगळे भांडतात पण खरी भोकं घटकांच्या यादीत आहेत.

पहिलं भोक म्हणजे गटाची नावं. वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली लिहायची परवानगी असते. युरोपात स्टार्चला नुसतं 'स्टार्च' म्हटलं तर चालतं, मूळ सांगायची सक्ती फक्त ग्लुटेन असण्याची शक्यता असेल तरच. अमेरिकेत थोडी मजा आहे, तिथे नुसतं 'स्टार्च' लिहिलं तर त्याचा अर्थच मक्याचा स्टार्च, बटाट्याचा वगैरे असेल तर तसं लिहावं लागतं. म्हणजे तिथे कळतं, पण ज्याला हा नियम माहीत आहे त्यालाच. आणि त्याच अमेरिकेत 'मॉडिफाइड फूड स्टार्च' म्हटलं की परत मूळ गायब. मसाल्यांचं तसंच, 'स्पाइसेस' एवढा एक शब्द पुरतो, युरोपात एकूण वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत असेल तर. तीळ अमेरिकेच्या यादीत यायच्या आधी 'स्पाइसेस' आणि 'नॅचरल फ्लेवर' याखाली बिनबोभाट जात होते.

दुसरं भोक, घटकातले घटक. कोडेक्सचा आणि भारताचा नियम असा की एखादा तयार मिश्र घटक एकूण पदार्थाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातलं सांगायची सक्ती नाही, तयार पदार्थात काम करणारी ॲडिटिव्ह (रंग, टिकवणारी द्रव्यं वगैरे) आणि यादीतली ॲलर्जन्स सोडून. आता बेकिंग पावडर घ्या. तिच्यात कोरडेपणा टिकावा म्हणून स्टार्च घालतात, तो बऱ्याचदा मक्याचा. केकमध्ये बेकिंग पावडर किती, चिमूटभर. गेला स्टार्च.

तिसरं, प्रक्रियेत वापरलेल्या वस्तू. तयार पदार्थात जिचं काम उरत नाही ती लिहायची नसते. ट्रेला चिकटू नये म्हणून भुरभुरवलेलं पीठ वगैरे.

आता गंमत बघा, यादीतल्या पदार्थांना यातली बहुतेक भोकं बंद करून दिलेली आहेत. मिश्र घटकात कितीही कमी दूध असो, 'स्पाइसेस'मध्ये लपलेला तीळ असो, सांगावंच लागतं. म्हणजे यादीत असणं म्हणजे नुसतं ठळक अक्षर नाही, बाकीच्या सवलती रद्द होणं. त्या सवलती चालू राहतात फक्त तुमच्या-आमच्यासाठी.

---

पिपेट

मधेच बोलतो. छोटा_टाइप यांचं कायद्याचं सगळं बरोबर आहे पण हे वाचून ताई घरातलं निम्मं सामान फेकून देतील अशी भीती वाटली म्हणून लिहितोय.

ॲलर्जी प्रोटीनला असते. मक्यातलं एक महत्त्वाचं ॲलर्जन आहे लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, ते उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे शिजवलं म्हणजे सुटलो असं नाही. (पीचमध्येही त्याच कुळातलं प्रोटीन असतं, डॉक्टरांना विचारून ठेवा.) पण मक्यापासून बनलेली प्रत्येक वस्तू सारखी धोक्याची नाही. मक्याचं पीठ म्हणजे भरपूर प्रोटीन. स्टार्चमध्ये थोडंसं उरतं. डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप हे आणखी शुद्ध केलेले, त्यात अगदीच नगण्य. सायट्रिक ॲसिड तर बुरशीकडून साखरेवर आंबवून बनवतात, ती साखर मक्याची असली तरी शेवटी हाती येतो तो शुद्ध केलेला स्फटिक. इंटरनेटवर 'मका टाळायचे शंभर पदार्थ' अशा याद्या फिरतात त्यात हे सगळं एकाच ओळीत बसवलेलं असतं आणि मग मूल काय खाणार हा प्रश्न पडतो. वाढत्या वयात उगाच निम्मा आहार काढून टाकणं हाही धोकाच आहे. काय टाळायचं आणि काय नाही हे ॲलर्जिस्टकडून लिहून घ्या, प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन विचारा. आणि माझ्या ह्या लिहिण्यावरून घरी काही खायला घालून बघू नका, तपासायचं असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

---

गोचीडग्रस्त

'ॲलर्जी प्रोटीनला असते'?? दादा, माझी साखरेला आहे 😄

---

पिपेट

हो हो, तुम्ही अपवाद आहात, आणि मोठा अपवाद. अल्फा-गॅल हे कर्बोदकच. शब्द मागे. मक्यापुरतं प्रोटीन म्हणा.

---

सरळ_बोलतो

सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. माणसाला जवळजवळ कुठल्याही पदार्थाची ॲलर्जी होऊ शकते. सगळेच यादीत घातले तर ती 'कंटेन्स'ची ओळ घटकांच्या यादीएवढीच लांब होईल, मग वेगळी ओळ कशाला? अमेरिकेच्या कायद्यातच लिहिलंय की आठ मुख्य पदार्थ ९० टक्के फूड ॲलर्जींना कारण आहेत. कायदा बहुसंख्यांसाठीच असणार.

आणि यादीत येऊन भलं होतंच असं नाही. तिळाचं काय झालं बघा. २०२३ ला नियम लागू झाला, आणि काही बेकऱ्यांनी काय केलं, मशीन तिळापासून स्वच्छ ठेवायचा खर्च आणि कटकट नको म्हणून ज्या पावात तीळ नव्हते त्यात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर 'तीळ आहेत' असं छापून मोकळे. एफडीएने (अमेरिकेचं अन्न-औषध खातं) म्हटलं की हे आम्हाला पसंत नाही पण बेकायदाही नाही. तिळाची ॲलर्जी असलेल्यांना जे पाव आधी चालत होते तेही गेले. मका यादीत आला तर हेच होणार नाही कशावरून?

---

छोटा_टाइप

तिळाचं खरं आहे, नाकारत नाहीच. पण त्यातून 'यादी वाढवू नका' एवढाच धडा कसा निघतो? भानगड तिथे झाली जिथे कायद्याने जाहीर करायला सांगितलं पण चुकून मिसळणाऱ्या अंशाची मर्यादा ठरवली नाही. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञांनी अलीकडेच अशा मर्यादा सुचवल्यात, शेंगदाणा, दूध, अंडं, तीळ यांना २ मिलिग्रॅम प्रोटीन, गव्हाला ५, कोळंबीला तर २००. असा आकडा कायद्यात असेल तर कारखान्याला कळतं किती स्वच्छ म्हणजे पुरेसं स्वच्छ, मग मुद्दाम पीठ ओतायची वेळ येत नाही. त्याच तज्ज्ञांनी यादीत कोण यावं याचे निकष पण सांगितलेत, किती लोकांना होते, किती तीव्र होते, आणि किती थोड्या प्रमाणात होते. त्यावर जगभरासाठी मका बसणार नाही असं माझंही मत आहे. ताईंना वाईट वाटेल पण मी खोटी आशा दाखवणार नाही.

म्हणून मी म्हणते की मका यादीत घाला हा मुद्दाच सोडा. घटकांच्या यादीतली गटाची नावं काढा, तेवढं बास. 'स्टार्च' नाही, 'मक्याचा स्टार्च'. 'स्पाइसेस' नाही, मसाल्यांची नावं. फॉर्म्युला कुणी मागत नाहीये, प्रमाण सांगू नका, नाव सांगा. याने ओळ लांबत नाही, मशीनला काही करावं लागत नाही, आणि मका, लसूण, धणे, वाटाण्याचं प्रोटीन, ज्याला जे असेल त्या सगळ्यांचा प्रश्न एकदम सुटतो. वाटाण्याच्या प्रोटीनबाबत तर आत्ताच जागं व्हायला हवं, आजकाल शाकाहारी मांसापासून प्रोटीन पावडरपर्यंत सगळ्यात तेच आहे.

आणि हे हवेतलं नाही, झालेलं आहे एकदा. कोचिनील म्हणजे कार्माइन, किड्यांपासून काढलेला लाल रंग. काही लोकांना त्याने जिवावर बेतणारी रिॲक्शन येते, पण अमेरिकेत लेबलवर नुसतं 'कलर ॲडेड' लिहिलं तरी चालायचं. १९९८ मध्ये एका ग्राहक संस्थेने एफडीएकडे अर्ज केला, २००९ मध्ये नियम झाला, जानेवारी २०११ पासून नाव लिहिणं सक्तीचं. कार्माइन मुख्य ॲलर्जनच्या यादीत ना तेव्हा होता ना आज आहे. नाव लिहा एवढंच सांगितलं, काम झालं. तेरा वर्षं लागली हा भाग वेगळा.

---

सरळ_बोलतो

कार्माइनचं माहीत नव्हतं. नावं लिहायला माझा विरोध नाही, प्रत्येक गोष्टीला 'कंटेन्स'मध्ये घालायला होता. मात्र फ्लेवरवाल्या कंपन्या हे सुखासुखी होऊ देणार नाहीत एवढं लिहून ठेवा, त्यांचा सगळा धंदाच गुप्ततेवर.

---

रोजचं_दळण

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही अजून म्हणून मी 😊 नवऱ्याला मोहरीची ॲलर्जी आहे आणि आम्ही राहतो तिथे मोहरी यादीत नाही, त्यामुळे अनुभवाचे बोल.

मेल पाठवताना 'तुमच्या पदार्थात ॲलर्जन आहे का' असं कधीच विचारू नका, 'ॲलर्जन' हा शब्द दिसला की ते ठरलेलं उत्तर चिकटवतात. घटकाचं नाव घेऊन विचारायचं. तुमच्या बाबतीत असं, की या पाकिटातला स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन कोणत्या वनस्पतीपासून आहे, फ्लेवर कशात मिसळलेला आहे (पावडर फ्लेवरला बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिनचाच आधार असतो), बेकिंग पावडरमध्ये कोणता स्टार्च, आणि त्याच मशीनवर मक्याचं पीठ असलेलं काही बनतं का. बॅच नंबर आणि पाकिटाचा फोटो जोडा. उत्तर कस्टमर केअरकडून नको, क्वालिटी विभागाकडून हवं असं लिहा. यातल्या ज्या कंपन्या नीट उत्तर देतात त्यांच्यापुरतंच आम्ही घेतो, ज्या 'गोपनीय' म्हणतात त्यांचं बंद. गोपनीय म्हणजे घ्यायचं नाही असंच धरायचं.

आणि पाकीट दर वेळी वाचायचं, नेहमीचं असलं तरी. कंपन्या घटक बदलतात आणि पुढून पाकीट तसंच्या तसं दिसतं. आधी सूर्यफूल तेल होतं ते बदललं तर आपल्याला कोण सांगायला येणार? आमच्याकडे दोन सारखी पाकिटं आली, वेगळ्या आकाराची, मागचे घटक वेगळे. तेव्हापासून मोठं पाकीट आणि छोटं पाकीट हे दोन वेगळे पदार्थ समजायचे असा घरचा कायदा.

हॉटेलात खायचं तर विषय अजून बिकट. युरोपात सुट्या पदार्थांबद्दलही माहिती द्यावी लागते पण ती त्या १४ बद्दलच, तक्त्यात मोहरी दिसली की मला हेवा वाटतो. बाकी ठिकाणी सरळ स्वयंपाकघरात विचारा, आणि घट्ट रस्सा-सॉस कशाने दाट केलाय हे तुम्ही आवर्जून विचारा. गर्दीच्या वेळी जाऊ नका, तेव्हा कुणालाच ऐकायला वेळ नसतो.

---

गोचीडग्रस्त

+१. मी तर उत्तरांच्या मेलचे स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवतो. वर्ष झालं की परत विचारतो, त्यांना माझा कंटाळा आला असणार, येऊ दे.

अजून एक, रिॲक्शन आली तर नुसती औषधं घेऊन गप्प बसू नका, जिथे राहता तिथल्या अन्न खात्याकडे तक्रार नोंदवा. यादीबाहेरच्या ॲलर्जींची नोंदच होत नाही म्हणून ती 'दुर्मीळ' राहते. अमेरिकेत एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये, यादीत नसलेल्या ॲलर्जनचं महत्त्व ती कशी तपासेल याचं मार्गदर्शन काढलंय. त्यांना पुरावा लागतो, आणि तो आपल्यासारख्यांच्या केसेसमधूनच यायचा.

---

मक्याचं_कोडं

सगळ्यांचे किती आभार मानू. @पिपेट तुमचं वाचून खरंच हायसं वाटलं, डेक्स्ट्रोज आणि सायट्रिक ॲसिड दिसलं की मी पाकीट परत ठेवत होते, आता डॉक्टरांकडे पूर्ण यादी घेऊन जाणार आहे. @रोजचं_दळण तुमच्या मेलचा मसुदा जसाच्या तसा ढापतेय. त्या आधीच्या कंपनीला आजच परत पाठवला, यावेळी 'ॲलर्जन' शब्द न वापरता.

एक शेवटचं विचारते, गोळ्या-औषधांचं काय? तापाच्या गोळीत पण स्टार्च असतो म्हणतात. तिथे अन्नाचा कायदा लागतो का?

---

पिपेट

नाही, औषधांचे नियम पूर्ण वेगळे. गोळीत मुख्य औषधाशिवाय स्टार्च, लॅक्टोज, स्टिअरेट, कॅप्सूल असेल तर जिलेटिन असं बरंच काही असतं. बऱ्याच देशांत हे आतल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, फक्त अक्षर भिंगातून वाचायचं. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं घेतलं की हे बाकीचे घटक बदलतात, त्यामुळे दुकानदाराने 'तेच आहे, घ्या' म्हटलं तरी पत्रक बघायचं.

आणि हे महत्त्वाचं. शिरेतून देतात त्या डेक्स्ट्रोजच्या सलाइनच्या अमेरिकन माहितीपत्रकात चक्क लिहिलेलं असतं की मक्याची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला ते देऊ नये किंवा जपून द्यावं. खाण्याच्या पाकिटावर जे नाही ते तिथे आहे. तोंडाने नगण्य वाटणारी गोष्ट थेट रक्तात जाते तेव्हा हिशोब वेगळा असतो, म्हणून मुलीच्या फाइलवर, शाळेच्या कार्डावर आणि इंजेक्टरच्या डबीवर 'मका' ठळक लिहून ठेवा, आणि कधी ॲडमिट करायची वेळ आली तर सलाइन लावायच्या आधी तोंडानेही सांगा. तुम्ही तिथे नसाल तर सांगता येईल असं घरातलं आणखी एक माणूस तयार करून ठेवा.